नाक वर करून उभी गाडी

तेंचा ओकाम्पोला कुणी "सोड, तुला नाही जमणार" म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजावं. तास्को या डोंगरी गावाच्या उतारांवर बाईमाणसाने टॅक्सी चालवू नये असं तिला चारचौघांत ऐकवलं गेलं, तेव्हा ती टॅक्सी स्टँडवर तामाले, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, विकत होती. विकता विकताच तिने गाडी शिकून घेतली. स्टँडच्या रांगेत जागा मिळायला पुरुषांना कुणाची तरी ओळख पुरते. तेंचाला मात्र वर्षानुवर्षं तिष्ठत बसावं लागलं. शेवटी जागा मिळाली ती कुणाच्या उपकाराने नाही, आणि नेमकं हेच स्टँडचा म्होरक्या आबुंदिओ याला खुपायचं. त्याचा भाचा रिगो त्याच जागेवर टपून बसला होता.

अशातच तेंचाच्या पांढऱ्या वोचोचं ब्रेक ऑइल गळायला लागलं. वोचो म्हणजे ती बुटकी, पाठीत इंजिन असलेली बीटल. तास्कोच्या अरुंद गल्ल्यांत दुसरं काही मावतच नाही. तिचा दीर फिदेन्सिओ मेकॅनिक. त्याने आपल्या गॅरेजच्या अंगणात पेडलच्या दाबाने तेल ढकलणारा मास्टर सिलेंडर नवा टाकला, गळती थांबली, पण पेडल काही घट्ट होईना. पाय ठेवला की गादीत रुतावा तसा खाली जायचा. नळ्यांत हवा राहिली होती आणि ती निघता निघत नव्हती.

तेंचा पेडलवर, फिदेन्सिओ चाकाशी आडवा, हवा सोडायचं निपल उघडत.

"दाब, वहिनी!"

"दाबलं!"

"धरून ठेव! मी निपल आवळेपर्यंत पाय उचलू नकोस!"

"धरलंय रे! माझा पाय तिथेच आहे, ओरडतोस कशाला?"

तेल यायचं, दोनचार बुडबुडे यायचे, पेडल जरा वर यायचं. दोघांनी हुश्श म्हणून तोंड धुवून यावं, तर पेडल पुन्हा मऊ. फिदेन्सिओने चारही चाकांचे रबरी वायसर बदलले, नळ्या बदलल्या, नव्या मास्टर सिलेंडरला शिव्या देऊन दुसरा नवा टाकला. पेडल होतं तसंच राहिलं. दोघांच्या नाकी नऊ आले.

त्यात रिगो येऊन टपकला. स्टँडची वार्षिक तपासणी दुसऱ्या दिवशी होती, आणि ज्याचे ब्रेक पास होणार नाहीत त्याची जागा मागच्याला द्यायची असा नियम होता. मागचा म्हणजे रिगो. खांबाला टेकून तो गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तामाल्यांची टोपली जपून ठेवली आहे ना घरात? लागेल."

"तुझ्या मामालाच त्यात बसवून पाठवते," तेंचा म्हणाली. पण आतून तिला भीती वाटत होती. ती जागा गेली तर पुन्हा रांगेच्या शेपटाशी उभं राहण्याइतकं आयुष्य आपल्याकडे उरलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं.

फिदेन्सिओने पाना खाली ठेवला. "वहिनी, मी हात टेकले."

"टेकलेस ना? मग आता त्याच हातांनी पाना उचल."

तेवढ्यात तिचा नवरा एवेलिओ जेवण घेऊन आला. तो चांदीचा ओतारी. मक्याच्या पोळीत, तोर्तियात, घेवड्याचं कालवण गुंडाळून त्याने दोघांच्या हातात दिलं आणि स्वतःचंच रडगाणं सुरू केलं. "आजचं ओतकाम वाया गेलं. देवळासाठी देवदूत ओतत होतो. साचा कुणीतरी तिरका ठेवला, हवा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. चांदी तिथवर पोचलीच नाही. देवदूत निघाला सुरेख, पण नाकच नाही!"

फिदेन्सिओ खो खो हसला. तेंचाचा घास मात्र तोंडातच राहिला. तिने गाडीकडे पाहिलं. अंगण चढाचं होतं, आणि गावात सगळेच लावतात तशी गाडी चढाकडे तोंड करून, मागच्या चाकाला दगड लावून उभी होती. आल्यापासून ती तशीच होती.

"फिदेन्सिओ, मास्टर सिलेंडरचं बंद टोक कुठल्या बाजूला असतं रे?"

"पुढे. का?"

"आणि तेलाच्या डब्याकडे जाणारं भोक?"

"मागच्या..." तो बोलता बोलता थांबला. त्याचं जुनं गॅरेज खाली हमरस्त्यालगत सपाटीवर होतं. या चढावर आल्यापासून मास्टर सिलेंडर त्याने पहिल्यांदाच बदलला होता. हवा सिलेंडरच्या उंच, बंद टोकात मजेत बसली होती, आणि हे दोघे खालून निपल उघडून तिची वाट पाहत होते.

"फिरवायची गाडी. तोंड खाली, शेपूट वर."

"वेडी झालीस? ब्रेक नाहीत! इथे वळायला जागा नाही. सुटली तर थेट खालच्या बेकरीत!"

"चालवत कोण फिरवतंय? उचलून फिरवू."

तिने गल्लीत उभं राहून हाका मारल्या. तिचा आवाज स्टँडवर घडलेला. बेकरीवाला आला, शेजारच्या कारखान्यातले कारागीर आले, दोन धट्ट्याकट्ट्या बायका आल्या. गंमत बघायला थांबलेल्या रिगोच्या हातात तिने बंपरचं टोक दिलं. "बघतोस काय? उचल!" आणि तो बिचारा उचलायलाही लागला. हॅण्डब्रेक ओढला, दगड सरकवत नेले, कधी पुढून तर कधी मागून उचलून वीतवीत करत गाडी फिरवली. मागे इंजिन, त्यामुळे मागच्या माणसांनी सगळ्या संतांची नावं घेतली, काही शिव्यांसकट.

तेंचाने पेडल हळूच दाबलं, हळूच सोडलं. पुढच्या झाकणाखाली तेलाच्या डब्यात डोकं घालून बसलेला फिदेन्सिओ किंचाळला, "आला! केवढा बुडबुडा!" मग आणखी एक आला. नंतर चाकांजवळच्या निपलांतून नळ्यांतली उरलीसुरली हवाही काढली. पेडल दगडासारखं झालं. तेंचाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि ती रडली, आणि कुणी पाहिलं याची तिला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडच्या वरच्या खड्या उतारावर तपासणी होती. रीत अशी, की मागच्या सीटवर दगडांची पोती टाकायची आणि उतारावर मध्येच गाडी थांबवून दाखवायची. खाली सगळे ड्रायव्हर बघत उभे होते.

"पोती घाला रे," आबुंदिओ म्हणाला.

"पोती कशाला, काका? तुम्हीच बसा. रिगोलाही घ्या मागे."

नाही म्हटलं तर लोक हसणार, म्हणून दोघे बसले. उतारावर गाडी सुसाट सुटली, आणि ऐन मध्यावर तेंचाने पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. आबुंदिओची टोपी उडून समोरच्या काचेला लागली.

"बरं, बरं, कळलं," तो टोपी शोधत म्हणाला. "चल आता खाली."

"आधी सांगा, जागा कुणाची?"

मागून रिगो कळवळला, "मामा, सांगून टाका ना! मला खाली उतरायचंय."

"तुझी," आबुंदिओ पुटपुटला.

तेंचाने पाय उचलला नाही. "मोठ्याने, काका. खिडकी उघडी आहे."