स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ

टेबलाच्या खणात बाबांचा लांब स्क्रूड्रायव्हर सापडला. लाकडी मुठीला अजून ग्रीसचा वास होता, आणि त्या वासासरशी मी चंद्रपूरच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन पोचले.

मी नऊ वर्षांची. ऊर्जानगरात शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई मला पियानो शिकवणार होत्या, म्हणून बाबा कीबोर्ड घ्यायला निघाले होते. मला लाल दिवे लुकलुकणारा हवा होता. दुकानदार रशीदचाचाही माझ्याच बाजूचे. "भाऊ, याच्यात शंभर आवाज हायेत. पोरगी खूश होऊन जाईन."

बाबा वीज केंद्रात फिटर. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक कीबोर्डवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. चालत्या यंत्राचं बेअरिंग आवाजावरून तपासायची त्यांची हीच रीत. गिऱ्हाइकं बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबली.

"चाचा, याले हळू बोलताच येत नाई. लाडानं दाबा का रागानं, सारखाच ओरडते. दुसरा दाखवा."

बिनदिव्यांचा करडा कीबोर्ड घेऊन मी रस्ताभर फुगून बसले होते.

आज मी स्वतः पियानो शिकवते. कोणता कीबोर्ड घ्यावा, असं पालक विचारतात, तेव्हा मी ठासून सांगते, आधी एक पट्टी हळू दाबून बघा.

यंत्रांच्या घरघरीत बाबांचे कान गेले. मघाशी तो स्क्रूड्रायव्हर मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी न विचारता टोक पियानोवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. मी एक पट्टी दाबली.

"हळू दाबली न तू?" बाबा म्हणाले.