पांढरे हातमोजे

वहिनीला कारखान्यात कोणी नावानं हाक मारल्याचं ऐकिवात नाही. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून त्याच्या पाळीतले सगळे म्हणायला लागले, मग फोरमन, आणि शेवटी खुद्द मोठे साहेबसुद्धा. ती बसायची भट्टीच्या शेडमध्ये, अगदी छपराखाली, क्रेनच्या केबिनमध्ये. खाली भट्टीतून कच्च्या तांब्याचा रस बादलीत पडायचा. म्हणायला बादली, आत म्हैस उभी राहिली असती. वहिनी क्रेननं ती उकळती बादली उचलायची, पलीकडच्या भट्टीपर्यंत न्यायची आणि हलकेच कलती करायची. एवढंच काम. पण ‘एवढंच’ म्हणणाऱ्यानं एकदा त्या बादलीच्या आसपास उभं राहून बघावं, मग तोंड उघडावं.

केबिनमध्ये खालचं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांच्या खुणांवर. तळहात जमिनीकडे म्हणजे उतरव, मूठ म्हणजे थांब. आणि नियम एकच: क्रेनवाल्यानं फक्त खुणा देणाऱ्याचा हात बघायचा. दुसरं कोणी, साहेब का असेना, हात हलवून हलवून दमला तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही. वहिनीला खुणा द्यायचा तो हाच दीर. घरीदारी त्याला धाकटाच म्हणत.

त्या भागात तांबं काही काल-परवाचं नाही. गावाभोवती काळ्या टेकड्या आहेत, त्या खरं तर टेकड्या नव्हेतच. हजारो वर्षांच्या भट्ट्यांमधून निघालेल्या किट्टाचे, म्हणजे धातूच्या मळीचे, ढीग आहेत. खाणीतलं यंत्र आजही मधूनच एखाद्या जुन्या बोगद्यात घुसतं, माणूस पोटावर सरपटेल एवढाच तो बोगदा. कारखान्याचा पाया खणताना मातीची एक भट्टी सापडली होती, घरच्या चुलीएवढी. ती फाटकाजवळ काचेच्या पेटीत ठेवली आहे. तिच्या काठावर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा आहे, ओली माती दाबताना उमटलेला. वहिनी येता-जाता तो ठसा बघायची. हा कोण होता, याच्या घरी कोण वाट बघत होतं, असलं काहीबाही तिच्या मनात यायचं.

तिच्या स्वतःच्या माणसाचा जीव याच शेडमध्ये गेला होता. तोही खुणा देणारा. तेव्हा क्रेनवर उस्ताद असत. अर्ध्या कारखान्याला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून उस्ताद. एक दिवस बादली नको तेव्हा कलली. मागाहून कळलं, उस्तादांना कित्येक दिवस भोवळ येत होती आणि ते गप्प बसले होते. त्यांची नोकरी गेली, पण ते राहायचे वहिनीच्याच गल्लीत, टोकाला. तिनं त्यांना भर चौकात गाठलं होतं. “झेपत नव्हतं तर खाली उतरायला काय झालं होतं? पाय मोडले होते का तुमचे? तुमच्या घरचं पाणीसुद्धा मला विष आहे!” अख्खी गल्ली ऐकत होती. उस्तादांनी चकार शब्द काढला नाही.

नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली तेव्हा साहेबांनी फाटकावर पास द्यायचं काम पुढे केलं. ही अडून बसली: देणार असाल तर क्रेन द्या. लोक हसले. हसेनात का! ती शिकली, वर चढली, आणि तेव्हापासून त्या क्रेनवरून थेंब सांडला नाही. धाकटा तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. त्याला तिनंच वाढवलं, कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं.

मग एक दिवस तो अंगठ्याचा ठसा दिसेना.

तिनं फाटकावरच्या शिपायाला झापलं. “अरे, काच पुसत जा की जरा!” बिचाऱ्यानं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा झापलं, तिसऱ्या दिवशीही. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “वहिनी, आणखी पुसली तर काचेला भोक पडेल हो.” तेव्हा तिला उमगलं, दोष काचेत नाही. भट्टीच्या लालभडक तोंडाकडे बघून बघून डोळ्यांत मोतीबिंदू धरतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण डोळ्याचं ऑपरेशन झालेल्याला पुन्हा क्रेनवर बसवत नसत. म्हणजे उरलेला जन्म फाटकावर पास फाडत बसायचं. वहिनीनं मूठ झाकून ठेवली. डोळेतपासणीचा तक्ता वर्षानुवर्षं तोच. तो तिला पाढ्यासारखा पाठ होता. आणि ती मनाची समजूत घालायची, रस तर लाल असतो, ठळक दिसतो. धाकट्याचा हात दिसतो, अगदी लख्ख दिसतो. मग अडलंय कुठं?

सुट्टीच्या दिवशी तिची जाऊ, धाकट्याची बायको, दोरीवर कपडे वाळत घालत होती. धुसफुस चालूच होती तिची.

“ताई, तुम्हीच सांगा ह्यांना. भट्टीवर कोणी पांढरे हातमोजे घालतं का? बँडवाले आहेत की काय! रोज काळेकुट्ट करून आणायचे आणि रोज मी घासत बसायचं.”

वहिनीला हसू आलं. “कधीपासून हे नवीन खूळ?”

“झाले की बरेच महिने. विचारलं तर म्हणतात, चामड्यानं हात खाजतात. थापा नुसत्या! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?”

दोरीवर पांढऱ्या हातमोज्यांची रांग हलत होती. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या हातातली चादर खाली मातीत पडली.

दुसऱ्या दिवशी पहिली बादली भरून वर उचलल्यावर तिनं खाली नीट बघितलं. चेहरे नव्हतेच, नुसत्या करड्या सावल्या. बादली हलली तशा त्या सावल्या मागे सरकल्या, नियमापेक्षा कितीतरी मागे, पार भिंतीला टेकेपर्यंत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकटा धाकटा जागचा हलला नव्हता. त्याचा चेहरा तिनं शोध शोध शोधला, सापडला नाही. दोन पांढरे ठिपके तेवढे होते. ते हातमोजे नसते तर तिथं माणूस आहे हेही तिला कळलं नसतं. देवा रे! उकळता रस अधांतरी लटकत होता आणि त्याच्यापासून दहा पावलांवर तिचा पोर उभा होता.

लीव्हर तिनं दोन्ही हातांनी धरला. त्या ठिपक्यांच्या खुणेवर बादली जशी उचलली तशी जागेवर परत नेऊन टेकवली. मग घंटा वाजवली, लांबलचक, आणि शिडी उतरली.

फोरमन धावत आला. “वहिनी, काय झालं? रस थिजतोय तिकडे!”

“दुसरा क्रेनवाला बोलवा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. “मला दिसत नाही.”

कोणालाच नवल वाटलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

धाकट्यानं तिला शेडच्या बाहेर नेलं. “कशाला बोललीस वहिनी? चाललं होतं ना नीट? घाबरतेस काय, मी आहे ना खाली.”

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. लहानपणीही कधी मारलं नव्हतं. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, “तुला काही झालं असतं तर तुझ्या बायकोला काय सांगितलं असतं रे मी? मला फाटकावर बसायची लाज वाटत होती म्हणून तुला जाळला?”

“दादा गेल्यावर स्वतःच्या ताटातला घास काढून भरवलास तू मला,” तो रडत होता. “तुला मी कसं खाली उतरवणार?”

घरी जाताना ती आपल्या दाराशी थांबली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. उस्ताद पायरीवर बसले होते. तिला बघून ते भिंतीला धरून उभे राहिले.

“बसा उस्ताद. भांडायला नाही आले. आज मी क्रेनवरून उतरले. दिसत नाही मला. पुष्कळ दिवस लपवलं.” तिला दम लागला होता. “आणि माझ्या खालच्या माणसानं मला सांभाळून घेतलं. मग तुमची भोवळ तेवढी कोणालाच माहीत नव्हती, हे मला खरं वाटत नाही.”

उस्ताद पुन्हा पायरीवर टेकले. “गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, पोरी?”

“बोला.”

“उतरणार होतो मी. साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो. तुझ्या नवऱ्यानं हाताला धरून परत आणलं. म्हणाला, उस्ताद, घाबरता काय, मी आहे ना खाली.”

वहिनी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. “आणि मी तुम्हाला भर चौकात… तेव्हाच का नाही बोललात हो?”

“तो मायेनं म्हणाला. ऐकायचं की नाही, ते माझ्या हातात होतं. लीव्हर माझ्याच हातात होता.”

ती रडली, अगदी मोठ्यानं, येणारे-जाणारे बघत असताना. नवरा गेला तेव्हा ती रागातच होती, तिला धड रडताही आलं नव्हतं. आतून उस्तादांची सून पाण्याचा पेला घेऊन आली आणि उंबऱ्यात घुटमळली. या घरच्या पाण्याचं तिलाही ठाऊक होतं, गल्लीत कोणाला नव्हतं? वहिनीनं हात पुढे केला. तो पेल्याच्या बाजूनंच गेला. उस्तादांनी पेला घेऊन तिच्या हातात नीट धरून दिला, आणि वहिनी ते पाणी सगळं प्याली.