झिजू नये म्हणून जपलेला आवाज

मंडळी, आज संध्याकाळच्या बैठकीला मी येत नाही. माझी ही चिठ्ठी तिथं सगळ्यांना वाचून दाखवा.

माझा फोनोग्राफचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. घरी येईल त्याला कर्ण्यासमोर बसवायचो, गायला लावायचो आणि तो आवाज मेणाच्या नळकांड्यावर भरून ठेवायचो. त्यातल्या एकावर माझी पत्नी गायली होती. अक्कलकोटकडची ती. चारचौघांत तिनं कधी तोंड उघडलं नाही, पण जायच्या आदल्या वर्षी दार लावून एक कानडी अंगाई म्हटली.

दर वेळी वाजवलं की सुई थोडं मेण खाते. म्हणून ते नळकांडं मी वर्षातून एकदाच लावायचो, तिच्या तिथीला.

आज दुपारी कामावरून आलो, तर माळवदावर गोधड्यांशेजारी सगळी नळकांडी उन्हात मांडलेली. तिचं तर मऊ पडून एका बाजूनं बसलंच होतं. वरच्या रेघा पुसून गेल्या होत्या.

माझी थोरली बहीण, आक्का, म्हणाली, "बुरशी धरली व्हती की रे. तुजा लई जीव हाय त्यांच्यावर, म्हनून ऊन दाखवलं."

तिला काय बोलणार? डाळीला, गोधडीला ती हेच करते.

मघापासून आठवू बघतोय. शब्द येतात, आवाज येत नाही.

तुम्ही कितीदा म्हणालात, एकदा ऐकवा. झिजेल म्हणून मी नाहीच म्हणत राहिलो. ऐकवलं असतं, तर आज तुमच्यातल्या एकाच्या तरी कानात ती उरली असती ना?