मोडलेल्या हातोडीचा सूर

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. आजही हसते... एक दुपार सोडून.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आम्ही गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसलरॉकला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा गोव्याचे, स्टेशनवर क्लार्क, व्हायोलिन वाजवायचे. आई बेळगावकडची, गाणारी. घरात कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी — चारही भाषांत गाणं चालायचं. आणि मडगावहून मालगाडीने आलेला एक जुना पियानो होता. तो मात्र अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. मी जरा बसले की बाबा म्हणायचे, "ऊठ गो बाय, अक्काक बसूं दी." आई समजूत घालायची, "तू गा की! तिचे हात निराळे हायत."

मला गाणं नको होतं. मला ते हात हवे होते.

मुंबईच्या एक पियानोच्या बाई अक्काला ऐकायला येणार होत्या. पसंत पडली तर सोबत नेऊन शिकवणार होत्या. सकाळी सगळे त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले, तेव्हा मी पियानोचं वरचं झाकण उघडलं आणि मधल्या एका पट्टीची, तारेवर आपटून सूर काढणारी लाकडी हातोडी मोडून फ्रॉकच्या खिशात टाकली. अक्का जे वाजवणार होती, त्यात तो सूर सारखा यायचा. पट्टी दाबून पाहिली — नुसतं टक्. मुकी.

दुपारी अक्का वाजवायला बसली. मी तिच्या मागे दाराशी उभी, ओठ घट्ट मिटून. तो सूर आला... आणि वाजला! स्वच्छ, भरलेला. दर वेळी. बाईंनी तिथल्या तिथे अक्काला न्यायचं ठरवलं.

सगळे चहाला गेल्यावर मी पट्टी दाबली. टक्.

अक्का मुंबईत मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवू लागली. मी तिला कधी पत्र लिहिलं नाही, जळायचे मी. तरी दर नाताळला माझ्या नावाने तिचं पार्सल यायचं. तिच्या शेवटच्या आजारात भेटायला गेले, तेव्हा धीर करून विचारलं, "अक्का, त्या दुपारी तो सूर कसा वाजला गं?"

"वाजला कुठं? पट्टी मेली होती. संपलं सगळं म्हटलं... आणि तू मागून गायलीस! दर वेळी, बरोब्बर. जन्मात विसरले न्हाई बघ."

मी गायले नव्हते. बाकी सगळ्यांनी पियानोच ऐकला होता. मग अक्काने कोणाला ऐकलं? मला आजही सांगता येत नाही.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "व्हय अक्का... मीच."