घराला जिना नव्हता

गाव सोडलं त्या दिवशी माझी गाडी चुकली, कारण मी पाया पडत होतो. होटगी स्टेशनवर निम्मी आळी आलेली. नर्सिंग शिकायला जायचं होतं सोलापूरला, म्हणजे ज्वारीचं पोतं नीट लावून होतंय तोवर उतरायचं. पण आई अशी रडत होती की डब्यातल्या एका बाईने पोरगा मिलिटरीत चालला का, म्हणून विचारलं. शेवटच्या म्हातारीच्या पायापाशी पोचलो आणि गाडी हलली. मग शेजारच्या शिवानंदअण्णाने मला पोत्यासकट मोटरसायकलवर घातलं आणि सोलापूरला नेऊन सोडलं. निघताना वडिलांनी एकच बजावलं, "दवाखान्यात आपल्या गावचं मानूस दिसलं की आदी त्याच्या घरी कळवायचं. परक्यावानी वागायचं न्हाय."

पुण्याला, दुबईला गेलेले तुम्ही हसाल, पण माझंही स्थलांतरच झालं. 'भिऊ नगा' म्हणणारा मी वॉर्डात 'घाबरू नका' म्हणायला लागलो. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव पाटीवर वाचून कळलं. पेशंट मला 'ब्रदर' म्हणतात आणि सिस्टर कुठंय म्हणून माझ्या पाठीमागे बघतात. वडील गावात सांगतात, पोरगा डॉक्टरच्या खालोखाल हाय.

एका दुपारी प्लास्टरच्या खोलीत महादेवी वैनी आली. शिवानंदअण्णाची बायको. एकटी, उजवा हात मनगटापाशी मोडलेला, साडीच्या पदरात बांधून एसटीने आलेली. जिन्यावरनं पडले म्हणाली. दंडावर जुने वळ होते, काही हिरवे, काही पिवळे पडलेले. अशा बाईला एकांतात विचारावं, तिच्या परवानगीशिवाय कुणालाही कळवू नये, हे मी परीक्षेत लाल शाईने अधोरेखित करून लिहिलेलं. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मलाच. पण अण्णाची बायको म्हटल्यावर तो सगळा पेपर कोरा झाला. गावचं माणूस भेटल्याच्या आनंदात मी बाहेर जाऊन फोन लावला. म्हणालो, "अण्णा, वैनी हितं हाय. तुमी काळजी करू नगा, मी हाय की."

आत येतो तर इन्चार्ज सिस्टर पडद्यामागून बाहेर येत होत्या. वैनीने त्यांना सगळं सांगितलं होतं. बाजाराला जाते म्हणून ती निघालेली. पोलिसांना जबाब द्यायचा आणि इथूनच मोहोळला बहिणीकडे जायचं, परत घरी नाही, असं तिने ठरवलेलं. सिस्टर म्हणाल्या, कुणाला कळता कामा नये. मी म्हणालो, मी कळवलंय. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत ड्युटीवर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

हवालदार यायच्या आधी अण्णा आला, आपल्या आईला घेऊन. भाकरी, शेंगाचटणी, दही सगळं व्यवस्थित. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, तू होतास म्हणून बरं झालं. मग कॉटवर बसून स्वतःच्या हाताने वैनीला घास भरवायला लागला. बाजूच्या बायका कौतुकाने बघत होत्या. ती एकेक घास गिळत होती.

जबाबाच्या वेळी सिस्टरांनी त्या दोघांना पडद्याबाहेर काढलं. पडद्याखालून अण्णाच्या चपला दिसत होत्या. तो एकदा खाकरला. वैनी म्हणाली, "जिन्यावरनं पडले."

माझ्याने राहवलं नाही. "साहेब, ह्यांच्या घराला जिनाच नाही. पत्र्याचं घर आहे."

हवालदाराने पेन थांबवलं. वैनीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "शेजारच्यांचा जिना."

शेजारी म्हणजे आम्ही. आमच्याही घराला जिना नाही. हवालदाराने लिहून घेतलं आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा उमटवला.

निघताना अण्णा रिक्षा बघायला गेला तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "भाऊजी, कुनाला सांगू नगा म्हनायला मी तोंड उगडलं होतं. तुमी फोन घेऊन भाईर पळालात."

गाडी चुकल्याची गोष्ट मी शंभरदा सांगून माणसं हसवलीत. ही सांगताना कुठे हसवायचं ते सापडत नाही. फ्लॅटमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही म्हणून मी पूर्वी कुरकुरायचो. आता वाटतं, त्या दुपारी ड्युटीवर कुणीतरी अनोळखी असतं तर ती मोहोळला पोचली असती.

प्लास्टर काढायला ती आली नाही. घरीच भिजवून कात्रीने कापलं म्हणे. निघताना सिस्टरांनी तिला चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिलेला, त्यावर तिचा कधी फोन आला नाही. त्या अधूनमधून मला विचारतात, गावाकडे सगळं ठीक? मी हो म्हणतो.

सणाला गावी जातो. गेलो की अण्णा हाक मारतो, चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. गाव म्हणजे आता मला तेवढंच उरलंय: त्याच्या ओट्यावर बसायचं, समोर वैनी डाव्या हाताने कप ठेवते, उजवं मनगट वाकडं जुळलंय तिकडे बघायचं नाही, आणि अण्णाने साखर बरोबर हाय का विचारलं की हाय म्हणायचं.