येळवशीच्या पंगतीतला पाव्हणा

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होतो, पण हात धजावत नाही... म्हणून 'नाही'च राहू दे. पुढचं वाचून तुम्हीच काय ते ठरवा.

मी तुळजापुरात एका शाळेत क्लार्क आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नवलाच्या बातम्या, जुन्या चालीरीती, व्हायरल व्हिडिओ असलं काहीबाही टाकायचा आमचा एक फेसबुक ग्रुप आहे आणि त्याचा मी ॲडमिन. माझं आवडतं काम एकच — लोकांनी फुगवलेले फुगे फोडणं. मागे एका गावात लिंबाच्या झाडातून दूध गळायला लागलं म्हणून बायका नारळ घेऊन निघाल्या, तेव्हा तो झाडाचा चीक आहे असं मी लिहिलं आणि पोटभर शिव्या खाल्ल्या. ग्रुपवर मला 'शंकासुर' म्हणतात. आता बायकोही म्हणते.

तर गोष्ट येळवशीची. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, तेव्हा आपल्याकडं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरचेही वाचतात म्हणून सांगतो. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात आणि माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा झाली की 'ओलगे ओलगे' असा पुकारा करत पिकात आंबील शिंपडायची आणि मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, खीर, आणि वर मडक्यातली गार आंबील. ज्याला शेत नाही तोही उपाशी राहत नाही, कारण बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवतात. आणि पंगतीत येऊन बसलेल्याला 'तुम्ही कोण, कुठले' असं कुणी विचारत नाही. विचारलं तर वाढणाऱ्याची शोभा होते. हे लक्षात ठेवा, सगळी गोम इथंच आहे.

माझ्या आत्या जळकोटला असतात. साखराबाई नाव. त्यांचे यजमान म्हणजे आमचे दिगंबरमामा — आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात — एका येळवशीला सकाळी 'अणदूरच्या पाव्हण्यांना रानात घेऊन येतो' म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. विहिरी बघितल्या, दवाखाने बघितले, पोलिसात दिलं. कुणी म्हणालं संन्यास घेतला, कुणी म्हणालं सोलापुरात दुसरं घर केलं. अणदूरला तर ते पोचलेच नव्हते. त्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. आत्यांचं कुंकू मात्र रोज कपाळावर, रुपयाएवढं.

आता झालं असं, की आत्यांच्या मुलाची, म्हणजे बालाजीची, पोरगी पूजा. तिचं लग्न माघात ठरलं. गुरुजींनी विचारलं, "देवक बसवताना पितरांची नावं घ्यावी लागतात. आजोबांना कशात धरायचं, जित्यात का पितरांत?" इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून दहन करतात, दिवस घालतात, तेवढं एकदा उरकून घ्या असं गुरुजींचं म्हणणं. बालाजीलाही तेच हवं होतं. बापाला ना पाणी देता येतं, ना वाट बघवते, अशी त्याची दशा. पण दिवस घालायचे म्हणजे आत्यांचं कुंकू जायचं, आणि पूजाला हळद लावायला आजी पुढं होऊ शकायची नाही. पूजा हटून बसली, हे करायचं नाही. शेवटी आत्याच म्हणाल्या, "येळवस होऊ द्या. मग बघू."

येळवस झाली. मी जळकोटलाच होतो, आत्यांच्या रानात. जेवलो, फोटो काढले, संध्याकाळी घरी आलो. ग्रुपवर फोटोंचा नुसता पूर आला होता. दरवर्षी येतो. त्यात एका पोरानं दोन फोटो शेजारी शेजारी टाकले आणि लिहिलं, 'हे काका दोन्हीकडं कसे? एक फोटो अणदूरचा, एक येडशीचा.' खरंच, दोन्ही पंगतीत एकच माणूस. पांढरा सदरा, टोपी, मांडी घालून खाली बघत जेवणारा. थोड्या वेळानं तिसऱ्यानं टाकला, नळदुर्गजवळच्या रानातला. त्यातही तोच. तिन्ही फोटो दुपारच्या जेवणाचे. येडशी आणि अणदूर यांच्यात अख्खा धाराशिव पडतो, माणूस जेवता जेवता कसा पोचेल?

कमेंटींना ऊत आला. 'पोट आहे की पोतं?' 'एआय आहे रे, व्ह्यूज पाहिजेत लोकांना.' 'शंकासुराला टॅग करा!' केलं टॅग. मी हात चोळतच फोटो मोठे केले, बोटं कुठं जास्तीची आलीत, सावली कुठं चुकलीय ते बघायला.

आणि मी ओळखलं. ते दिगंबरमामा होते.

म्हातारे झालेले नव्हेत. गेले तेव्हा चाळिशीतले होते, तसेच.

पहिली भीती ओसरली आणि मग राग आला, कारण मला सगळं उमगल्यासारखं झालं. मामांचा एकच फोटो शिल्लक आहे, माझ्या काकांच्या लग्नातला, उजव्या बाजूनं काढलेला. त्याची कॉपी पूजाच्या मोबाइलमध्ये आहे. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली, फोटो हलवते, बोलवते, काय काय करते. आजीचं कुंकू वाचवायचं म्हणून तिनं हा उद्योग केला असणार. दुसऱ्या दिवशी मी जळकोटला जाऊन तिला परसात गाठलं.

"पूजा, खरं सांग. हे तू केलंस ना?"

तिनं फोटो बघितले आणि चेहरा पांढराफटक पडला. मग भडकली. "काका, आजीला फसवीन व्हय म्या? आजोबा आल्याचं नाटक करून तिला अजून वाट बघायला लावीन? एवढी वाईट वाटले का तुमाला?"

रडत आत गेली. मला लाज वाटली, पण संशय गेला नाही. रडणं हाही पुरावा नसतो, असं आमचं डोकं.

मग अणदूरला गेलो. ज्यांनी फोटो टाकला होता त्यांचं घर शोधलं. घरच्या बाई खमक्या होत्या. फोटो दाखवल्यावर म्हणाल्या, "व्हय की, म्याच वाढलंय. लई शांत माणूस. आमाला वाटलं जावेच्या माहेरचं कुणी असंल."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "आन् मला वाटलं तुमच्याकडचं!"

म्हणजे माणूस खरा बसला होता, फोटोत घातलेला नव्हता. मी विचारलं, काही बोलला का?

"बोलला न्हाय फार. उठताना म्हणला, थोडी भज्जी-उंडे बांधून द्या, घरी न्यायचंय. घरी माणूस थांबलंय म्हणला. म्या केळीच्या पानात बांधून दिलं बगा."

येडशीला फोन लावला. फोनवर एक आजोबा होते, तेही तेच म्हणाले. सोयऱ्यांना वाटलं इकडचा, इकडच्यांना वाटलं सोयऱ्यांचा. "जेवला, आन् घरी न्यायला मागून घेतलं. आमी बी दिलं. येळवशीचं अन्न, न्हाय कुणाला म्हणायचं?" नळदुर्गवाल्यांनीही फडक्यात बांधून दिलं होतं. तिन्ही घरं एकमेकांना ओळखत नाहीत, हे मी उलटसुलट विचारून खात्री करून घेतलं. एखादा बहुरूपी असेल, तिघं एकसारखे असतील, कुणीतरी माझीच फिरकी घेत असेल... मी डोक्यात सगळे धागे जुळवून बघितले. एकही पुरा होईना.

आता प्रश्न आत्यांना सांगायचं का नाही. बालाजी म्हणाला, "नको, सुधाकरदादा. आत्ता कुठं तयार व्हायला लागलीय ती." पण पूजानं आधीच सांगून टाकलं होतं. आत्यांचा निरोप आला, फोटो घेऊन ये.

आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मोबाइल हातात घेतला नाही. म्हणाल्या, "डावा कान दिसतो का बघ."

"का?"

"लगीन झालं त्या साली बैलानं शिंग मारलं होतं. पाळी फाटलेली हाय. लाजंनं कायम कानावर रुमाल बांधायचा, फोटूत बी दिसत न्हाय, ते मलाच ठाऊक."

येडशीच्या फोटोत तो माणूस डावीकडून दिसत होता. मोठं करून बघितलं. पाळी फाटलेली होती. हे मला माहीत नव्हतं, पूजाला माहीत नव्हतं, बालाजीलासुद्धा नीट आठवत नव्हतं. मी आत्यांना हो म्हटलं.

आत्यांचा चेहरा असा तापला की मी मागे सरकलो. "तीन रानात जेवला? आन् माझ्या रानात यायला वाट सापडली न्हाय त्याला? म्या एवढं रांधून बसले... दरसाल रांधते... आन् हा दुसऱ्याच्या पंगतीला!"

"आई..." बालाजी म्हणाला.

"गप ऱ्हा तू."

मला राहवलं नाही. मी अणदूरच्या बाईंनी सांगितलेलं सांगितलं. घरी न्यायला बांधून घेतलं. येडशीलाही, नळदुर्गलाही. घरी माणूस थांबलंय म्हणाले.

आत्यांचा हात शेंगांतच थांबला. त्यांनी विचारलं, "असं म्हणला?"

"हो."

"कुटं गेलं मग बांधून दिलेलं?"

पूजा दारात येऊन उभी राहिली होती.

आत्या हळू बोलायला लागल्या, आमच्याशी नाही, आपल्याशीच. "घरी निघालंय माणूस. तवापास्नं निघालंय. पोचंना. म्या हितं कुंकू लावून बसले, थांबले म्हणून त्यो बी तिकडं हिंडतोय. म्याच अडवून धरलाय त्याला." मग बालाजीकडं वळल्या. "गुरुजींना बोलव. लई हिंडला. सोडा त्याला."

"आजी, माझी हळद..." पूजा म्हणाली.

"तुजी हळद व्हईल. त्याचं आधी हू दे."

पौषात दिवस घातले. मंगळसूत्र आत्यांनी स्वतः काढून डब्यात ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. बालाजी पोरासारखा रडला, त्या नाही रडल्या. माघात लग्न झालं. हळदीला पहिला हात आजीचाच लागला. पूजानं ऐकलंच नाही, भावकीतल्या दोनचार बायकांनी नाकं मुरडली ती मुरडू दे.

फोटो अजून माझ्याकडं आहेत. ज्याला त्यातलं कळतं अशा पुण्याच्या भाच्यानं तपासले, जोडकाम दिसत नाही म्हणाला. मी ग्रुपवरून ते काढायला लावले आणि खुलासा न देता गप्प बसलो, तेव्हा लोक म्हणाले शंकासुर हरला. हरलोच म्हणा. फाटलेल्या पाळीचं उत्तर मला आजही देता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त 'एआय' एवढंच लिहून पळू नका.

यंदाच्या येळवशीला मी ग्रुपवरचा एकेक फोटो मोठा करून बघितला. अणदूर, येडशी, नळदुर्ग, उमरगा, लोहारा, जिथनं जिथनं आले तिथले सगळे. पांढरे सदरे बरेच होते. ते कुठंच नव्हते. दुसऱ्या दिवशी जळकोटला गेलो तर आत्या दारातच बसलेल्या. मी काही बोलायच्या आत विचारलं,

"कुटं दिसलं का?"

"नाही, आत्या. कुठंच नाही."

"नीट बघितलंस?"

"सगळे बघितले."

"पोचलं म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होतो.