लाल चिंधीचा हंडा

मी एका म्हाताऱ्या बाईचा हंडा रांगेतून उचलला आणि त्याच्या जागी माझा ठेवला. हे करायला अर्धं मिनिटही लागलं नाही. कबूल करायला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत माझ्या चुकीचा त्रास मी सोडून इतरांनी भोगला.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. खाडी जवळ, त्यामुळे कुठेही खणलं तरी खारं पाणी लागतं. प्यायचं पाणी पेणच्या बाजूने येतं आणि वरची गावं भरून जे उरेल ते आमच्या वाट्याला येतं. उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी नळ येतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र कहर झाला. मे महिना भाजत गेला, वळवाचा एक शिंतोडा नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजून जमीन तयार होती, पण बी पेरायची कुणाची हिंमत होईना. दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नसे, आणि बाहेर बसायला झाडं तरी कुठे आहेत खारेपाटात?

अशा उन्हात माणूस रांगेत उभा राहू शकत नाही, म्हणून आमच्याकडे हंडा उभा राहतो. नळ शाळेपाशी आहे. ज्या दिवशी पाणी यायचं असतं त्या दिवशी सकाळीच प्रत्येक घरचा एक हंडा येऊन बसतो. ओळखायला कुणी गळ्याला चिंधी बांधतं, कुणी बुडाला रंग मारतं. पाणी आलं की त्या क्रमाने एका घराला तीन हंडे. पुढच्याचं भरून झालं की जवळ जो कुणी असेल तो मागचे सगळे हंडे पायाने एकेक जागा पुढे ढकलतो. दुसऱ्याचा हंडा पुढे सरकवायचा, मागे कधीच नाही. ज्या घरी मयत झाली असेल त्या घरचा हंडा बायका काही न बोलता पहिल्या जागी नेऊन ठेवतात. मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती. मी रोह्याजवळच्या एका कंपनीत आहे. सुटल्यावर कंपनीच्या बसने पेणला आणि तिथून स्कूटरने गावात आलो, तेव्हा चार वाजले होते. दुसऱ्या दिवशी मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि घरात दोन दिवस पाणी नव्हतं. बायकोने सकाळी हंडा ठेवायला उशीर केला होता. मी हंडे आणि पिंप घेऊन नळावर गेलो तर आमचा हंडा चौदावा. पाणी येऊन दोन घरं भरून झाली होती, धार करंगळीएवढी. चौदाव्यापर्यंत ते पोचणार नाही, हे कुणालाही कळलं असतं.

पाचवा हंडा लाल चिंधीचा होता. तो आत्याचा. ती माझी सख्खी आत्या नव्हे, अख्खं गाव तिला आत्या म्हणतं. सत्तरीच्या पुढची, एकटी राहते. मुलगी रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात दिलेली. उन्हाने चक्कर यायला लागली म्हणून आत्या घरी जाऊन पडली होती आणि जाताना शेजारणीला सांगून गेली होती, "माज्या हंड्यावर लक्ष ठेव गो." ही शेजारीण म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, माझी वहिनी. तिची दोन्ही पोरं आत्याच्या मांडीवर तेल लावून घेत मोठी झाली. आत्याच्या घरात रोजची भाकरी वहिनीच्या हातची जायची.

मी गेलो तेव्हा वहिनी आपलं पाणी घरी टाकायला गेली होती. तिचा नंबर दुसरा होता, त्यामुळे तिचं झालं होतं. नळावरची बाई पाठमोरी भरत होती. बाकी सगळ्या शाळेच्या पडवीत, सावलीत. मी लाल चिंधीचा हंडा उचलला, माझ्या जागी नेऊन ठेवला आणि माझा पाचव्या जागी आणून ठेवला. मनात म्हटलं, एकटी बाई आहे, तिला किती पाणी लागतं? हे वाक्य मी तेव्हा अगदी शब्दशः मनात म्हटलं होतं, म्हणून लिहितो आहे.

माझं भरून झालं. सहाव्या घराचं भरता भरता नळ गुरगुरला आणि बंद झाला.

मी स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी पिंप बांधत होतो तेव्हा आत्या काठी टेकत आली. रांग पाहून थांबली. तेवढ्यात वहिनीही परत आली.

"का गो, तुला सांगून गेलते ना मी?"

"आत्या, मी पाणी टाकायला घरी गेलते. आता आले तर हंडा इथं. मी हात नाय लावला."

"तू नाय लावलास, मग काय पाय फुटले त्याला? तुजे तिन्ही भरले, वर माज्या नंबरावर पन भरलंस, व्हय ना?"

"माजा नंबर दुसरा होता आत्या, विचारा कुणाला पण."

"विचारते कशाला? डोळे हायत मला."

पडवीतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा हंडा पन सोडत नाय आता लोकं." वहिनीचं तोंड उतरलं. मी दोरी बांधतच राहिलो. मग मी जे केलं ते हंडा हलवण्यापेक्षा वाईट होतं. मी माझ्या पाण्यातली एक कळशी भरून आत्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "जाऊ दे आत्या, भांडू नका. ही घ्या."

आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुज्यासारखी मानसं हायत म्हणून गाव हाय रे बाबा," म्हणाली. वहिनी ते ऐकत उभी होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मातीच्या माठातलं गार पाणी पिऊन त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "उन्हातून आल्यावर याच्यासारखं काही नाही." त्याच वेळी, भर दुपारी, आत्या रिकामी कळशी घेऊन बांधापलीकडच्या विहिरीकडे निघाली होती. ते पाणी मचूळ, पण भांड्यांना चालतं. बांधावर तिला चक्कर आली आणि ती हातावर पडली. शेळ्या घेऊन जाणाऱ्या माणसाला ती दिसेपर्यंत बराच वेळ ती तापलेल्या मातीत पडून होती. मनगट मोडलं, एका बाजूने गाल आणि दंड भाजल्यासारखा लाल झाला. पेणच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. वहिनी डबा घेऊन गेली, तर आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. डबा तसाच परत आला.

आत्याची मुलगी तिला अष्टमीला घेऊन गेली. मी शिफ्ट सुटल्यावर एकदा कंपनीची बस सोडली आणि पूल ओलांडून तिच्याकडे गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. खाली कुंडलिका नदी धरणातून सोडलेल्या पाण्याने भरून वाहत होती. आमचं गाव पाण्यासाठी तडफडत असताना ती तशी वाहताना पाहून मला उगाच तिचा राग आला. हातात मोसंबी होती. आत्या पंख्याखाली बसली होती.

"बरं हाय इथं," ती म्हणाली. "रोज नळ येतो. पन बोलायला मानूस नाय. पोरगी नोकरीवर जाते, मी आपली भिंतीला सांगते."

"गावी कधी येताय?"

"येनार ना. पन तुज्या वहिनीला सांग, माज्या उंबऱ्यात पाय ठेवू नको. पोटच्या पोरीसारखी धरली होती रे तिला. पान्यासाठी असं केलं तिनं."

इथे बोलायला हवं होतं. शब्द तोंडात होते. मी म्हणालो, "मोसंबी खा, उन्हात बरी." आणि उठलो. तिचा निरोप मी वहिनीला दिला नाही, एवढंच. त्याने काय होणार होतं? वहिनीला तो न सांगताच कळला होता.

गावात आता रांग पहिल्यासारखी राहिली नाही. कुणाचा कुणावर भरवसा उरला नाही. बायका हंड्याशेजारी छत्र्या घेऊन उन्हात बसू लागल्या, तीन-तीन तास. एकदोघींना उलट्या झाल्या. पाय लागला म्हणून भांडणं. नळावर वहिनी आली की बोलणं थांबायचं. मृग लागलं, ढग यायचे, आमच्या डोक्यावरून डोंगराकडे निघून जायचे. कंपनीच्या बसमधून वाटेतल्या गडब गावाची शेतं दिसायची, तीही तशीच कोरडी. बसमध्ये सगळे पावसाबद्दल बोलायचे. मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करायचो.

मग एके दिवशी मी वहिनीला रिकामा हंडा घेऊन परत जाताना पाहिलं. रात्री जेवताना बायकोला विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" बायको म्हणाली. "ती हल्ली सगळ्यात शेवटी ठेवते हंडा. सकाळी पहिली आली तरी शेवटी. म्हणते, माझ्या मागे कुणी नसलं म्हणजे माझ्यावर आळ येणार नाही. दोनदा अशीच रिकामी गेली."

मी जेवणावरून उठलो. हात धुवायला वाटीभर पाणी घेतलं आणि ते तसंच परत ओतलं. मग बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे पाहुण्यांना मी ते पाणी दिलं," ती म्हणाली.

"हो."

"मला सांगून काय उपयोग? जिचं नाव घेतलं जातंय तिला सांगा. आणि घरात जाऊन कानात नको. जिथं तिचं नाव गेलं तिथं सांगा."

आत्या त्याच आठवड्यात गावी परतली होती, हात गळ्यात बांधलेला. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी नळावर गेलो तेव्हा छत्र्यांची रांग लागली होती. आत्या मध्ये, लाल चिंधीच्या हंड्यापाशी, स्टुलावर. वहिनी पार शेवटी, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. मी तिथे एकटाच पुरुष. "काय भावोजी, आज रजा? परत पावणे येनार काय?" कुणीतरी टोमणा मारला आणि बायका हसल्या. मलाही हसून निघून जाता आलं असतं.

मी आत्यासमोर उभा राहिलो. आवाज मोठा ठेवायचा हे घरून ठरवून आलो होतो, तरी तो फुटला.

"आत्या, त्या दिवशी तुमचा हंडा वहिनीने नाही हलवला. मी हलवला. माझ्या घरी पाहुणे येणार होते म्हणून. तुम्हाला दिलेली कळशी तुमच्याच पाण्यातली होती. माझं चुकलं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे. "तू?" एवढंच म्हणाली. तिला उठायचं होतं, एका हाताने जमेना. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. शेजारच्या बाईचा खांदा धरून ती उठली, वाकली, आपला हंडा उचलला आणि काठीशिवाय हळूहळू रांगेच्या शेवटाकडे गेली. वहिनीच्या हंड्याच्या मागे तिने तो ठेवला. "तू हो गो पुढं," म्हणाली. वहिनीने तोंडात पदर कोंबला.

मला वाटलं, झालं. मी निघणार तेवढ्यात वहिनीने हाक मारली. ती रडत होती, पण आवाज स्थिर होता.

"भावोजी, हंड्याचं सांगितलंत. उन्हात मानूस करतो वेडंवाकडं, ते मी समजू शकते. पन पाच आठवडे तुम्ही मला नळावर बघत होता. तेव्हा काय करत होता?"

सगळ्या छत्र्या माझ्याकडे वळल्या होत्या.

"गप्प बसलो होतो," मी म्हणालो. "तुमच्यावर आळ आला तर माझं नाव चांगलं राहत होतं, म्हणून गप्प बसलो. हंड्याची माफी आत्याकडे मागितली. या पाच आठवड्यांची तुमच्याकडे मागतो, वहिनी. मला माफ करा."